जग मिथ्या असेल, तर ज्ञानानंतरही ते दिसत का राहते?

प्रश्न

वेदान्ताचा अभ्यास सुरू केल्यापासून एक शंका सुटत नाही. अंधुक उजेडात दोरीच्या जागी साप दिसतो आणि दिवा आणताच तो नाहीसा होतो, हा दृष्टान्त मला पटतो. पण त्याच न्यायाने ब्रह्मज्ञान होताच जग दिसेनासे व्हायला हवे. प्रत्यक्षात मात्र जीवन्मुक्त, म्हणजे देहात असतानाच मुक्त झालेला, पुरुष खातो, चालतो, शिष्यांना शिकवतो, असे शास्त्रच सांगते. मग दृष्टान्त अपुरा आहे, की ‘मिथ्या’ शब्दाचा अर्थच मी चुकीचा लावतो आहे?

पहिला प्रतिसाद

आधी शब्दाकडे पाहू, कारण बराचसा घोटाळा तिथेच होतो. ‘मिथ्या’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. सशाचे शिंग असत् आहे, ते कधी कोणाला दिसतही नाही; ब्रह्म सत् आहे, त्याचा कधीच बाध होत नाही, म्हणजे कोणत्याही ज्ञानाने ते खोटे ठरत नाही; आणि जे दिसते, पण पुढच्या ज्ञानाने ज्याचा बाध होतो, ते या दोहोंहून निराळे म्हणून मिथ्या. दोरीवरचा साप प्रातिभासिक (भासापुरता खरा), जग व्यावहारिक (व्यवहारापुरते खरे) आणि ब्रह्म पारमार्थिक (सर्वार्थाने खरे), अशा तीन सत्ता, म्हणजे खरेपणाच्या पातळ्या, अद्वैत परंपरा मानते. जगाला सरसकट स्वप्न म्हणणाऱ्यांनी ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’ (ब्रह्मसूत्र २.२.२९) या सूत्रावरील शांकरभाष्य अवश्य वाचावे, जागेपणीचे ज्ञान स्वप्नातल्या ज्ञानासारखे नाही, असे तिथे विज्ञानवाद्यांना, म्हणजे ज्ञानाबाहेर वस्तूच नाहीत असे मानणाऱ्या बौद्धांना, उत्तर दिले आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन योग्यच आहे, पण मूळ शंका तशीच राहते. भ्रम दोन प्रकारचे असतात, निरुपाधिक आणि सोपाधिक, म्हणजे उपाधीवाचूनचा आणि उपाधीमुळे होणारा; उपाधी म्हणजे वस्तू आहे त्याहून वेगळी भासवणारे जवळचे निमित्त. दोरीवरचा साप पहिल्या प्रकारातला, म्हणून तो ज्ञानाबरोबर जातो. दुसऱ्यासाठी एक काठी अर्धी पाण्यात बुडवून पाहावी. पाणी लागते तिथे ती मोडल्यासारखी दिसते. हात घालून ती चाचपली, सरळ असल्याची खात्री झाली, तरी डोळ्यांना वाकडीच दिसत राहते, कारण पाणी ही उपाधी अजून तिथेच आहे. फक्त ती सरळ करण्याची धडपड आता कोणी करत नाही. देह ही उपाधी प्रारब्ध संपेपर्यंत टिकते, आणि तोवर जग दिसणारच. ज्ञानाने जाते ती त्याच्या स्वतंत्र सत्यत्वाची समजूत.

पृच्छक

फरक ध्यानात आला, आभारी आहे. परंतु दिसणे तेच राहणार असेल, तर विवेक नेमका कशाचा करायचा?

तिसरा प्रतिसाद

जे बदलते ते आणि ज्याला तो बदल कळतो तो, या दोहोंचा. गाढ झोपेतून उठल्यावर ‘सुखाने झोपलो, काहीच कळले नाही’ असे आपण म्हणतो. त्या वेळी जग नव्हते, स्वप्नही नव्हते, तरी त्या न कळण्याला कोणी साक्षी नसता तर ही आठवण आली कुठून? माझ्या मते सगळा अभ्यास या एका प्रश्नापाशी थांबून करावा.

मात्र एक मतभेद नोंदवतो. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचेच खंडन केले आहे आणि जगाकडे चैतन्याचा विलास (लीला) म्हणून पाहिले आहे. ही दृष्टी घेतली, तर काठी वाकडी दाखवणारे पाणीसुद्धा त्या चैतन्याहून वेगळे उरत नाही, आणि सोपाधिक भ्रमाची मांडणी वाटेतल्या टप्प्यापुरतीच राहते. मला हीच दृष्टी अधिक जवळची वाटते. यावर दुसऱ्या प्रतिसादकांचे मत वाचायला आवडेल.