पाणवठ्यावरच्या मचाणावर अंगाचा वास कसा आवरायचा?

पुणेरी_भटक्या:
बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला भीमाशंकरचं मचाण मिळालंय. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला, चढावर, पंचवीसेक पावलांवर. वास आला की सांबर, भेकर पाण्यावर उतरतच नाहीत म्हणे. नेटवर अमेरिकेतल्या हरणशिकाऱ्यांचे स्प्रे आणि कार्बनचे कपडे दिसतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद, पण त्यातलं काही इथं उपयोगी पडेल का?

रानवाट:
स्प्रेचे पैसे वाचवा. आधी वारा. दिवसा उतार तापतो, हवा वर चढते. उतार सावलीत गेला की हवा गार होऊन ओढ्याच्या अंगानं खाली सरकते. म्हणजे चारला तुमचं मचाण झकास, आणि ऐन सांबरं निघायच्या वेळी तुमचा वास थेट पाण्यावर! वनरक्षकांना विचारून खालच्या किंवा आडव्या बाजूचं मचाण मिळतंय का बघा.
वारा बघायला काटेसावरीचा कापूस न्या. एकेक तंतू सोडायचा आणि दिसेनासा होईपर्यंत नजर ठेवायची. हातापाशी एक दिशा, पुढं झाडीत वळून दुसरी, असं हमखास होतं. टाल्कम नको, ती स्वतःच घमघमते.

देवराई:
+१. मचाण बदललं नाही तर निदान घाम आवरा, मे महिना आहे. चालायचे कपडे वेगळे, बसायचे वेगळे. मचाणाखाली पोचल्यावर ओल्या फडक्यानं मान, काखा, पाय पुसा, कोरडं होऊ द्या, मग कपडे बदला. घामट जोडी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. बसायचे कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवा. धुण्याच्या पावडरीचा वास राहतो, शिवाय तिच्यातली उजळ करणारी द्रव्यं निळसर चमकतात, आणि निळा रंग हरणांना चांगला दिसतो. वाळत घालताना स्वयंपाकघराची खिडकी टाळा, फोडणी बसते कपड्यात.
कार्बनचे कपडे वास धरतात, पण भरले की संपलं. घरच्या उन्हात ते पूर्ण मोकळे होत नाहीत.

पुणेरी_भटक्या:
आणि डास? क्रीम लावली तर चालेल?

रानवाट:
क्रीम नको, तिचाच वास दूर जातो. पूर्ण बाह्या आणि डोक्याला जाळी. खायला दशम्या-गूळ, लसणाची चटणी, चिवडा घरी. तंबाखू, अगरबत्ती अजिबात नाही. लघवी घट्ट झाकणाच्या बाटलीत. कातडी बुटांपेक्षा गमबूट बरे, आणि जाताना जनावरांच्या वाटेवरून चालू नका, फांद्या हातानं बाजूला सारू नका. तिथं लागलेला वास तुम्ही वर चढल्यावरही राहतो.

देवराई:
एवढं करूनही वास शून्य होत नाही. सांबर बऱ्याचदा थेट पाण्यावर न येता आधी वाऱ्याखाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूनं, वळसा घालतं, म्हणून नजर त्या बाजूलाही असू द्या. पाय आपटला, शेपटी ताठ केली, तर हलू नका. कॉल (जनावराची इशाऱ्याची हाक) आला पण जनावर दिसलं नाही, तर गणनेच्या तक्त्यात 'आवाज' एवढंच लिहा, आकडा नको.