सणाला घरी माणसं बोलावता? तुमचे अनुभव सांगा

गेल्या दिवाळीत गोव्यात पर्वरीच्या आमच्या फ्लॅटवर सकाळी फोव, म्हणजे पोहे, खायला बावीस माणसं आली आणि त्यातल्या एकाशीही मी धड बोलले नाही. दुधातले, रोसातले (नारळाच्या रसातले), ताकातले, कालवलेले, तिखट आणि बटाट्याचे असे सहा प्रकार केले होते. वर काळ्या वाटाण्याची उसळ. अकराला हात पुसत बाहेर आले तर निम्मी मंडळी चपला घालत होती. नवरा म्हणाला, "मस्त झालं ना?" त्याचं मस्तच झालं होतं.

यंदाही बोलवायचंय, कारण मुलं त्या सकाळची वाट बघतात. पण घरच्या बाईलाही बसून खाता आलं पाहिजे. दिवाळी, चवथ (गणेश चतुर्थी), नाताळ, कुठल्याही सणाचं सांगा. फसलेलं आधी सांगा, त्यातून जास्त कळतं.

म्हापशाहून

सहा प्रकार ऐकूनच माझे खांदे दुखले. पण मला वाटतं तुमची वेळही चुकली असेल. आदल्या रात्री आख्खं गाव नरकासुराचे पुतळे बघत फिरतं, पहाटे ते जाळतात, मग घरी येऊन अभ्यंगस्नान. मी एकदा मोठ्या उत्साहाने साडेसातचं बोलावणं केलं. पोरं आली, पण शुद्धीत नव्हती. धाकटा भाचा बटाट्याच्या फोवांच्या ताटलीवर कपाळ टेकून झोपला, त्याच्या भुवईतली मोहरी आम्ही दुपारी काढली. आता साडेनऊच्या आधी कुणाला येऊ देत नाही आणि आतल्या खोलीत दोन गोधड्या घालून ठेवते. कुणाचं पोर पेंगलं की तिथे.

त्याच खोलीने आणखी एकदा काम केलं. समोरच्या वहिनीचं बाळ दोन महिन्यांचं होतं आणि रस्त्यावर रात्रभर स्पीकर. ती बाळाला घेऊन आमच्या मागच्या खोलीत येऊन राहिली. सकाळी पहिली पाहुणी तीच.

आणि हो, रोसातल्या फोवांचा रस सकाळी तापवू नका. मी एकदा गॅसवर ठेवून दार उघडायला गेले, परत येईपर्यंत फुटून पाणी वेगळं, चोथा वेगळा. रस रात्रीच काढून फ्रीजमध्ये ठेवायचा, सकाळी किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ. फोव अगदी वाढताना घाला, नाहीतर त्याची पेज होते.

डिचोलीचे आजोबा

आमच्या लहानपणी फोवांना बोलावणं नव्हतं. न्हाऊन तुळशीपुढे कारीट, ते छोटं कडू फळ, पायाच्या अंगठ्याने फोडायचं, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि निघायचं. वाड्यावरच्या प्रत्येक घरी जायचं, प्रत्येक घरी मूठभर खायचं. तिसऱ्या घरी पोट भरलं तर चौथ्या घरची काकी रागवायची, म्हणून सुरुवातीपासून हात आखडता.

त्या वेळी एका घरात सहा प्रकार कुणी करत नसे हो. एकीकडे दुधातले चांगले, दुसरीकडे तिखट. सहा प्रकार वाड्याचे मिळून व्हायचे. तुम्ही आख्खा वाडा एका फ्लॅटमध्ये शिजवायला निघालात.

आमच्या कॉलनीत तीन वर्षांपूर्वी हे पुन्हा सुरू केलं. चार घरं, एका घरी एकच प्रकार, पोरांची वरात सगळ्या घरी. म्हातारे मात्र एकाच घरी बसतात, गुडघे आहेत. बंगळूरच्या नातवाला पहिल्या वर्षी कारीट चाखायला दिलं. तो अजून मला आजोबा न म्हणता "कारीट" म्हणतो.

फोंड्याची सून

आमच्याकडे चवथीला दीड दिवसाचा गणपती आणि चाळीसेक माणसं. दर्शनाची माणसं येतात-जातात, पण वझें, म्हणजे सुनेच्या माहेरची भेट, घेऊन येणारे बसतात, त्यांची पोरं कंटाळतात आणि मग एक तरी पोर समईकडे जातंच. सासूबाईंनी त्यावर माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-शेंगा टांगलेल्या चौकटीचा, खेळ काढला. पोरांना गणपतीसमोर बसवायचं आणि वर टांगलेलं एकेक ओळखायला लावायचं. चिबूड आणि तोरिंग (पपनस) सगळ्यांना येतं. सुपारीचा घोस निम्म्यांना. लाल कवंडळाला एकाने टोमॅटो म्हटलं आणि आख्खी खोली हसली, तेव्हा त्याचे बाबाही हळूच म्हणाले, "म्हणजे नाही का?" घागऱ्यांच्या शेंगा वाळल्या की आत बिया खुळखुळतात, म्हणून चार शेंगा खाली वेगळ्या ठेवतो, त्या तान्ह्यांच्या. विसर्जनानंतर जो जास्त ओळखेल त्याला चिबूड.

खायचं म्हणाल तर खतखते. एकच मोठं टोप, त्यात सगळ्या भाज्या, तिरफळं. लहानांच्या वाट्याला तिरफळ जाऊ नये म्हणून मी ती कापडात पुरचुंडी बांधून सोडते. नेवऱ्या (करंज्या) आठ दिवस आधी. त्या दिवशी तळणीला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा आहे. गेल्या वर्षी मीच मोडला, पापड तळले आणि आरती चुकली.

वास्कोहून

मी मूळ चिपळूणचा, इथे नोकरीला. नातेवाईक कुणी नाहीत, म्हणून नाताळच्या सुट्टीत बिल्डिंगमधल्या पाच कुटुंबांना बोलावलं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणा म्हटलं. काय आणणार हे विचारलं नाही. तीन शिरे आले. तीन! चौथ्याने वेफर्स. शेवटी खाली पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला तसा धावत जाऊन तीस उंडे (गोल पाव) घेतले आणि बायकोने पातळ भाजी टाकली.

मग हाउझी, म्हणजे तंबोला. वीज गेली, मेणबत्त्या लावल्या, नंबर काढायला आठ वर्षांची शेजारची पोर बसली. सोंगट्यांवर ६ आणि ९ खाली रेघ नव्हती. ती आत्मविश्वासाने नऊ म्हणाली, एका काकूंची ओळ पूर्ण झाली, मग थोड्या वेळाने पुन्हा नऊ आला. बक्षीस चाळीस रुपयांचं होतं, भांडण चांगलं अर्धा तास चाललं. ते सोडवताना सगळ्यांची सगळ्यांशी ओळख झाली, एवढं खरं. आता सोंगट्यांवर पेनाने रेघा मारल्या आहेत आणि शिरा फक्त बी विंगमधून येतो.

मडगावहून

आमच्या शेजारचं घर ख्रिश्चन. चवथीला आमच्या नेवऱ्या तिकडे, नाताळला त्यांचं ताट इकडे, हे माझ्या आजेसासूबाईंपासून. यात अडचण एकच, सासूबाई अंडं खात नाहीत आणि नाताळचं थराथरांचं बेबिंक अंड्याच्या बलकाशिवाय होतच नाही. पूर्वी त्या ताट घ्यायच्या, हसायच्या आणि आत येऊन ते आम्हाला द्यायच्या. शेजारच्या आंटीला हे वीस वर्षं माहीत नव्हतं. एकदा आमच्या मुलानेच सांगून टाकलं. तेव्हापासून ताटात त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत दोदोल असतं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ. सासूबाई ती वाटी कुणालाही देत नाहीत.

तेव्हा घरी बोलावणार असाल तर कोण काय खात नाही ते आधी विचारून घ्या. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

पुन्हा पर्वरीहून

आजोबा, तुमचं वाचून समोरच्या आणि वरच्या बिऱ्हाडाशी बोलले. तिखट फोव समोर, बटाट्याचे वर, आमच्याकडे रोसातले आणि उसळ. साडेनऊ वाजता. वरच्या वहिनी कांदा-लसूण खात नाहीत, हे सात वर्षांनी आज कळलं.

नवऱ्यानेही सगळं वाचलं आणि नारळ खवायचं काम आपणहून घेतलं. विळी कुठे ठेवतेस, एवढंच विचारलं त्याने.