'ड्रॅगन' कागदावरून पडद्यावर गेलं, तेव्हा आपण नक्की काय गमावलं?

जुना_डीएम
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत कथा खेळायचा खेळ; ती कथा चालवतो तो डीएम, बाकीचे एकेक पात्र खेळतात. त्याचं 'ड्रॅगन' मासिक जून 1976 मध्ये सुरू झालं. फक्त ॲडव्हेंचर्स, म्हणजे खेळायला तयार कथानकं, छापणारं 'डंजन' 1986 मध्ये आलं. सप्टेंबर 2007 मध्ये दोन्हींचा छापील कारभार आटोपला, तेव्हा ड्रॅगनचा 359 वा आणि डंजनचा 150 वा अंक निघाला होता. मग दोन्ही मासिकं नेटवर गेली, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. डिसेंबर 2013 मध्ये तीही थांबली. एप्रिल 2015 मध्ये 'ड्रॅगन प्लस' हे फुकट ॲप आलं, दर दोन महिन्यांनी एक अंक. 41 अंकांनंतर 2022 मध्ये तेही बंद झालं आणि त्याच वर्षी त्याचं संकेतस्थळही काढून घेतलं.

माझं भांडण पडद्याशी नाही. पण मासिक म्हणवायचं तर दोन गोष्टी हव्यातच. अंक वाचकाकडे राहिला पाहिजे, आणि वाचकाला त्यात लिहिता आलं पाहिजे. एड ग्रीनवूड हा कॅनडातला, ग्रंथालयात काम करणारा माणूस. 1979 पासून तो ड्रॅगनमध्ये लिहायला लागला. घरच्या खेळासाठी रचलेल्या आपल्या जगाबद्दल, तिथल्या जादूच्या पोथ्यांबद्दल लिहीत गेला. त्यातूनच 1987 मध्ये 'फरगॉटन रेल्म्स' हे त्याचं जग खेळाचा अधिकृत भाग झालं. ड्रॅगन प्लसमध्ये असा दरवाजा कुठे होता? तिथे पुढच्या पुस्तकाची ओळख असायची, ते लिहिणाऱ्यांच्या मुलाखती असायच्या. दिसायला देखणं होतं, पण ते माहितीपत्रक होतं.

फासेपारधी
साफ असहमत. छापील अंक ज्यांच्या हातात पडत होते त्यांना हे दुःख परवडतं. ज्यांच्यापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत त्यांच्यासाठी ड्रॅगन प्लस हे पहिलंच मासिक होतं, आणि त्याला एक पैसाही पडत नव्हता. मी त्यातले नकाशे टेबलावर वापरले आहेत. खेळाडू दाराशी अडले की नकाशा बोटांनी मोठा करायचा, खोलीतला खांबन्‌खांब दिसायचा. कागदावरच्या तळहाताएवढ्या नकाशात तेच चौकोन मोजताना डोळे फुटायचे.

आणि वाचकांना लिहिता येत नव्हतं म्हणता, पण 2016 पासून 'डीएम्स गिल्ड' या ऑनलाइन दुकानात कोणीही आपलं ॲडव्हेंचर विकू शकतो. दरवाजा बंद झाला नाही, तो दुसऱ्या भिंतीत गेला.

जुना_डीएम
डीएम्स गिल्डवर कोणीही काहीही ठेवू शकतो, आणि अडचण तिथेच आहे. मासिकाला संपादक असतो. तो दहा लेख परत पाठवतो, अकराव्याला म्हणतो, 'शेवट बदला, मग बघू.' त्या परत पाठवण्यातून लेखक घडतात.

एक उदाहरण देतो. पिअर्सर नावाचा प्राणी खेळात सुरुवातीच्या वर्षांपासून आहे: गुहेच्या छताला लोंबणाऱ्या दगडी सुळक्यासारखा दिसतो आणि खालून कोणी गेलं की अंगावर पडतो. नुसती एक खोडी. एप्रिल 1983 च्या 72 व्या अंकात ड्रॅगनने त्याच्यावर लेख छापला, आणि तोही आधी ब्रिटनमधल्या हौशी पत्रिकेत आलेला. असा प्राणी मुळात जगतो कसा, हा त्यातला प्रश्न. तिथून 'इकॉलॉजी' ही लेखमालाच उभी राहिली. तो लेख वाचल्यावर मी माझ्या खेळातल्या गुहेत भिंतीवर वर चढत गेलेला एक ओला, चिकट पट्टा दाखवला. पडलेल्या प्राण्याला परत वर जावं लागणार, एवढाच विचार. खेळाडू अर्धा तास त्या पट्ट्यापाशी उभे होते. मग एकाने हळूच मशाल वर केली.

पत्रकधारी
वा, हे आवडलं. पण हा संपादनाचा गुण झाला, कागदाचा नाही.

जुना_डीएम
मान्य. मीही कागदाचा म्हणत नाहीये.

चौथी_आवृत्ती
सगळे 1983 आणि 2015 बद्दल बोलताय, मधली वर्षं कोणी धरतच नाही. वर्गणीवरचं ड्रॅगन हे माझ्या मते या मासिकाचं सगळ्यात उपयोगी रूप होतं. छापील काळात एखादं नवं फीट, म्हणजे पात्राचं खास कौशल्य, अंकात यायचं, खेळाडू अंक बगलेत मारून यायचा, डीएम म्हणायचा 'हे मी वाचलेलं नाही, चालणार नाही.' विषय संपला. नेटवरच्या अंकातलं फीट पुढे थेट कॅरेक्टर बिल्डर या पात्रं बनवायच्या अधिकृत साधनाच्या यादीत यायचं. शोधलं की सापडायचं. मासिकातला मजकूर पहिल्यांदाच खरोखर खेळला गेला.

गुहेतली_राणी
आणि डीएमचं काय झालं ते कोण सांगणार? मी त्या काळातली, खेळाची चौथी आवृत्ती चार वर्षं चालवली. आपल्या पात्राचं छापील पत्रक घेऊन खेळाडू समोर बसायचा आणि त्यातली निम्मी सामर्थ्यं मी कधी ऐकलेलीही नसायची. यादीत सगळं एका ओळीत दिसतं, पुस्तकातलं कुठलं आणि मासिकातलं कुठलं हे नजरेला कळत नाही. पूर्वी तो अंक माझ्यासमोर ठेवून परवानगी मागावी लागायची. त्या दोन मिनिटांत आम्ही ठरवायचो, हे आपल्या जगात बसतं का. ते बोलणंच गेलं.

शिवाय कॅरेक्टर बिल्डरसारखी ती साधनं 2020 उजाडताना बंद झाली, कारण ती सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्रावर होती आणि सिल्व्हरलाइटचे दिवस भरले होते. खेळले गेले म्हणता ते लेख त्या यादीबरोबरच गेले.

चौथी_आवृत्ती
यादी गेली हे खरं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. परवानगीबद्दल मात्र तुमचं पटत नाही. 'मासिकातलं चालणार नाही' असं पहिल्या दिवशी सांगायला कोणी अडवलं होतं?

गुहेतली_राणी
सांगितलं होतं. मग कुठलं मासिकातलं आहे हे शोधण्यात माझी संध्याकाळ गेली.

जपणारा
जपण्यावरही एक मुद्दा. डिजिटल म्हणजे क्षणभंगुर, हे सरसकट खरं नाही. 1999 मध्ये ड्रॅगनच्या पहिल्या 250 अंकांचा सीडी संच निघाला होता. त्या पीडीएफ आजही उघडतात, शोधता येतात, आणि कपाटभर कागदाला वाळवी लागते तशी त्यांना लागत नाही. पण त्या संचावरून पुनर्मुद्रणाच्या हक्कांचा वाद झाला, कारण लेखकांनी आणि व्यंगचित्रकारांनी एकदा छापण्याची परवानगी दिली होती. पुढच्या अंकांचा तसा संच आलाच नाही. दोष पडद्याचा नव्हता, करारांचा होता. ड्रॅगन प्लसची पानंही वाचकांनीच इंटरनेट अर्काइव्हवर जमेल तेवढी साठवली म्हणून थोडीफार सापडतात.

फासेपारधी
हेच म्हणतोय मी. फाइल द्या, विषय मिटला.

पत्रकधारी
छापील काळ संपणारच होता, असंही काही जण म्हणतात. मग 2002 पासून दोन्ही मासिकं काढणाऱ्या पायझो कंपनीने ऑगस्ट 2007 मध्ये 'पाथफाइंडर' ही ॲडव्हेंचर्सची मालिका कागदावरच कशी सुरू केली? दर महिन्याला एक भाग, आणि वाचक त्यांच्यामागे गेले.

फासेपारधी
ती पुस्तकं आहेत, मासिक नाही. तेव्हा सहा भागांची एकच कथा असायची. आमची कॅम्पेन, म्हणजे महिनोन्‌महिने चाललेली कथा, वेगळी असेल तर त्यातलं मला काय उपयोगी? डंजनच्या एका अंकात तीन-चार सुटी ॲडव्हेंचर्स यायची, एक दलदलीतलं, एक शहरातलं. हवं ते उचला.

जुना_डीएम
फासेपारधी, सुट्या ॲडव्हेंचर्सबद्दल तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात. फुकट मिळण्याबद्दल मी तुमचं मानतो. ज्याच्याकडे कपाट नाही त्याला कपाटातल्या अंकांचं कौतुक ऐकवणं बरोबर नाही. तरी ते 41 अंक पीडीएफ करून वाचकांच्या हाती द्यायला हवे होते, यावर मी ठाम आहे.

फासेपारधी
त्यावर आपलं भांडण नाही. त्या पिअर्सरच्या गुहेचा नकाशा असेल तर टाका, शनिवारी चालवतो.