नकाशावरचे हिरवे ठिपके : बागा हिंडतानाचे तुमचे अनुभव

निमित्त झालं दाढदुखीचं. दवाखान्यात नंबर यायला दीड तास होता. बाहेर उभ्या उभ्या मोबाईलवर नकाशा उघडला, तर मागच्याच गल्लीत एक हिरवा ठिपका! त्या रस्त्यावरून वर्षानुवर्षं माझी ये-जा आहे, पण तिथं बाग असल्याचा पत्ताच नव्हता. गेले. दोन इमारतींमधला बोळ, टोकाला गंजकं फाटक आणि आत एक प्रचंड झाड, त्याच्या बुंध्याभोवती गोल कट्टा. दीड तास कसा गेला कळलं नाही. नंबरही गेलाच.

तेव्हापासून दर रविवारी एक ठिपका, असा नेम धरलाय. चौदा महिन्यांत एकतीस झाले. त्यातले सहा बागा नव्हतेच. एक निघाला पाण्याच्या टाकीभोवतालचं कुलूपबंद गवत, एक चौकातलं बेट, एका ठिकाणी नुसता बोर्ड. मध्यम शहराचं एक बरं असतं, सगळे ठिपके एका माणसाच्या आवाक्यात असतात. महानगरात आयुष्य पुरायचं नाही आणि लहान गावात दोन रविवारांत विषय संपेल.

सेसिल कोनाइनेनडाइक या वनतज्ज्ञांनी २०२१ मध्ये ३-३०-३०० असा एक सोपा नियम मांडला. घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांचं छत्र असावं आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. मी लगेच पट्टी लावली. माझ्या घरापासून बाग २८० मीटर, म्हणजे मी पास! पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. चालत गेलं तर अकराशे मीटर.

तर लिहा. फोटो काढायच्या जागांची यादी नको. बाग सापडली कशी, आत शिरलात कसे आणि तिथं टिकलात का, ते सांगा.

चाकावरची आई

'आत शिरलात कसे' हे वाचून हसूच आलं. आई तीन वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे, त्यामुळे आमचा बागेचा अभ्यास फाटकापाशीच सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथंच संपतो.

पहिल्या बागेत दुचाक्या घुसू नयेत म्हणून फाटकात लोखंडी नळ्यांचा नागमोडी अडसर होता. आम्ही त्याच्याशी झटत असताना शेजारच्या तुटक्या कुंपणातून दोन मोटारसायकली आत गेल्या. आई म्हणाली, "बघ, आपण कायदा पाळणारी माणसं."

दुसऱ्या बागेत उतार होता, पण कसला? साधारण हिशेब असा की एक भाग उंचीला बारा भाग लांबी हवी. पंधरा सेंटीमीटरची पायरी असेल तर उतार एकशे ऐंशी सेंटीमीटर लांब पाहिजे. तिथं जेमतेम साठ होता. त्याला उतार म्हणत नाहीत, घसरगुंडी म्हणतात.

तिसरीकडे सगळं जमलं, पण वाटेवर बारीक खडी. खुर्चीची पुढची लहान चाकं खडीत रुततात. मग खुर्ची उलटी फिरवायची आणि मोठी चाकं पुढे घेऊन ओढत न्यायची, ही युक्ती आम्ही तिथं शिकलो. अर्धी बाग झाल्यावर आई म्हणाली, "छान आहे गं, पण मला सगळं निघून गेल्यावर दिसतंय."

आता आम्ही शहराच्या कडेच्या एका नव्या बागेत जातो. बाग काही खास नाही, झाडं अजून काठीला बांधलेली आहेत. पण तिथल्या एका बाकाशेजारी खुर्ची मावेल एवढी फरशी मोकळी सोडली आहे. एरवी मी बाकावर आणि आई माझ्यासमोर, वाटेच्या मधोमध, येणारे-जाणारे वळसा घालून जाणार. इथं आम्ही शेजारी शेजारी बसतो आणि दोघी एकाच दिशेला बघतो. ज्यानं कुणी ती जागा सोडली त्याला हे कळलं होतं का, की फरशीच कमी पडली होती, देव जाणे.

टेपवाला

मी बागेत जातो ते झाडं मोजायला. शिंप्याचा टेप खिशात, जमिनीपासून १.३ मीटरवर बुंध्याचा घेर घ्यायचा आणि वहीत लिहायचा. लोक वेडा समजतात, समजू देत. दर वर्षी तीच झाडं मोजली की कोण सुखात आहे ते कळतं.

बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेली झाडं माझ्या वहीत तीन वर्षं तिथंच थांबली आहेत. मुळांनाही हवा लागते, आणि पाणी पिणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरच्या मातीतच असतात. नेमकी तीच माती आपण ठोकून ठोकून सपाट करतो.

एका बागेत कुठल्याशा सोहळ्यासाठी गुंडाळलेली दिव्यांची माळ तशीच राहिली होती. दिवे गेले, तार राहिली. तारेच्या वरच्या बाजूला साल ओठासारखी फुगलेली आणि तार आत इतकी रुतलेली की नखानं चाचपली तरच सापडायची. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. तार तिथंच गळा आवळते, म्हणून वर फुगवटा आणि खाली उपास. माळीबुवांना दाखवलं. त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि जेवढी निघाली तेवढी तिथल्या तिथं कापून काढली. म्हटलं, आधीच का नाही काढलीत? म्हणाले, "साहेब, लावायचा हुकूम येतो. काढायचा येत नाही."

रात्रपाळी

मी दुपारचा प्राणी. घरात आवाज असला की झोप बागेत. आता तेही अवघड झालंय, कारण नव्या बाकांना मधोमध लोखंडी हात बसवलेत. आडवं होता येत नाही.

दुपारची बाग वेगळीच असते, ती सकाळी फिरणाऱ्यांना माहीत नाही. एक गृहस्थ रोज इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर बॅग घेऊन, अकरा ते पाच बसतात. घरी ऑफिसला जातो असं सांगत असावेत. आम्ही कधी बोललो नाही. एकदा मी दोन दिवस गेलो नव्हतो, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढंच.

दुर्बीणधारी

थोडक्यात. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतं. १९९८ पासून चालू आहे, आता जगभर होतं. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं आणि दिसतील ते पक्षी मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे, एवढंच. मी पाच बागा केल्या. कारंजी आणि कातरलेली हिरवळ असलेल्या सगळ्यात देखण्या बागेत सगळ्यात कमी पक्षी. सगळ्यात जास्त कुठं? मैलापाणी शुद्धीकरण केंद्रामागच्या तळ्यावर. जुने पक्षीवाले हे ऐकून हसतात, त्यांना आधीपासून माहीत असतं. नाकाला रुमाल बांधा आणि जा.

कोपऱ्यातला बाक

बाईमाणूस म्हणून माझा अनुभव असा की बागेत शिरले की आधी बाग बघत नाही, बाहेर पडायच्या वाटा बघते. दाट झुडपांमागचा सावलीतला बाक कितीही सुंदर असला तरी मी तिथं बसत नाही. बसते ती फाटकाजवळ, उन्हात. स्वच्छतागृहाबद्दल काय बोलावं. कुलूप आणि 'चावी कार्यालयात'. कार्यालयालाही कुलूप.

पण लिहायचं होतं लेकीबद्दल. आठ वर्षांची होती तोवर रोज ओढत न्यायची मला. आता अकराची आहे, म्हणते कंटाळा येतो. मी मोबाईलला दोष देत होते. मग वाचनात आलं की १९९० च्या दशकात व्हिएन्नामध्ये याचा अभ्यास झाला होता. नवव्या वर्षानंतर तिथल्या बागांतून मुली गळत होत्या, मुलगे टिकत होते. मधलं जाळीचं मैदान मुलांच्या ताब्यात आणि त्याला दार एकच, त्यामुळे मुली आत जायलाच कचरत. १९९९ पासून दोन बागा बदलून पाहिल्या. मैदानाला जादा दारं केली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, घोळक्यानं बसायला कोपरे केले. मुली परत आल्या.

त्या संध्याकाळी आमच्या बागेतलं मैदान नीट पाहिलं. दार एकच. दारातच चार मोठी मुलं बसलेली.

दारातला मुलगा

ताई, तो मी नसेन कदाचित, पण दारात बसणाऱ्यांतलाच आहे. आमचंही ऐका. मैदान रिकामं व्हायची वाट बघत बसतो, कारण दुसरीकडे कुठं खेळू देत नाहीत. आमच्या बागेच्या पाटीवर अकरा मनाया आहेत, मी मोजल्यात. चेंडू नको, सायकल नको, हिरवळीवर चालू नये, झाडावर चढू नये, पाळण्यावर बारा वर्षांवरील मुलांनी बसू नये. काय करावं, हे एकाही ओळीत नाही. आम्ही सोळा वर्षांचे. पाळण्याला मोठे, बाकाला लहान.

दाराचं मात्र पटलं. उद्यापासून कट्ट्यावर बसतो.

धागाकर्ती

@दारातला मुलगा, हा धाग्यातला सगळ्यात आवडलेला प्रतिसाद! तुझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सी. टी. सोरेनसेन यांच्या लक्षात आलं, की आपण आखलेल्या क्रीडांगणांपेक्षा मुलं अर्धवट बांधकामांवर आणि भंगारात जास्त रमतात. म्हणून १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुपला फळ्या, विटा आणि हत्यारं देऊन एक मैदान मुलांच्याच हवाली केलं. तेही युद्धात, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना. तुमच्या पाटीवर बारावी मनाई यायच्या आत कुणीतरी हे वाचायला हवं.

निवृत्त चालक

मला लिहायची सवय नाही. नातवानं टाईप करून दिलंय, चुका त्याच्या.

शहराबाहेर पूर्वेला जी गवताची टेकडी आहे, जिथं आता लोक सूर्यास्त बघायला जातात, ती टेकडी आम्ही केली. म्हणजे खरोखर. तो कचरा डेपो होता. वीस वर्षं मी रोज तीन खेपा तिथं गाडी रिकामी केली. सुरुवात केली तेव्हा तिथं खड्डा होता.

आता वर माती आणि गवत आहे. मध्ये मध्ये वाकड्या मानेचे पाईप उभे दिसतात, नवीन माणसाला वाटतं हे कशाला. खाली कचरा अजून कुजतोय. हवा न मिळता कुजलं की मिथेन तयार होतो, त्याला वाट हवी, नाहीतर तो वाट काढतो. त्या पाईपांजवळ काडी पेटवू नका, तिथं बोर्ड आहे तो शोभेचा नाही. टेकडी दर वर्षी थोडी थोडी खाली बसते. फरसबंदी वाटेला भेगा पडतात, लोक ठेकेदाराला शिव्या घालतात. या बाबतीत तरी त्याची चूक नाही. मोठी झाडं लावलेली नाहीत, कारण कचऱ्यावर पांघरलेला थर मुळांनी फाटू नये.

वास येत नाही. मला येतो, पण तो आठवणीतला असावा.

नातू विचारतो, आजोबा, खाली काय आहे? मी सांगतो, तुझ्या बापाची लहानपणीची सगळी खेळणी. एकदा तो खरंच खणायला बसला होता.

जुनी कागदपत्रं

काका, दंडवत. तुमच्या टेकडीचं घराणं मोठं आहे. इंग्लंडमध्ये बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये खुलं झालं, लोकांच्या पैशानं लोकांसाठी केलेली पहिली बाग म्हणून त्याचं नाव घेतात. ती जमीन पाणथळ होती, बांधकामाला निरुपयोगी. पॅरिसचं ब्यूत-शोमाँ हे उद्यान १८६७ मधलं, त्याआधी तिथं जिप्समची खाण होती आणि शहराची घाण टाकत. न्यूयॉर्कचा फ्रेशकिल्स कचरा डेपो २००१ मध्ये बंद झाला, त्या सुमारे ८९० हेक्टरांचं टप्प्याटप्प्यानं उद्यान होतंय. जागा कुणालाच नको झाली, की बागेचा नंबर लागतो. बाग झाली की मग तीच सगळ्यांना हवी असते. बर्कनहेडला तर कडेचे भूखंड विकूनच खर्च भागवला.

चाकावरची आई

काका, त्या टेकडीवर चढ किती आहे? पुढच्या बाजूला पायऱ्या दिसल्या म्हणून आम्ही कधी गेलोच नाही. आईला सूर्यास्त बघायचाय.

निवृत्त चालक

पुढून येऊ नका. मागच्या अंगाला गाड्यांचा जुना रस्ता आहे, गोल गोल वर जातो. भरलेली गाडी चढायची, खुर्ची चढेलच. त्या फाटकाला अडसर नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस थांबा, तिसऱ्या वळणावर खचलंय, तिथं डावीकडून घ्या. खडी नाही, त्यामुळे उलटं न्यायला लागणार नाही. मी आणि नातू पाचला वर असतो.