अनुभव धागा: वानरांची नवी मालिका (२०११ ते २०२४) कशी पाहावी, काय टिपावं

'प्लॅनेट ऑफ द एप्स'ची नवी फळी जुन्या चाहत्यांनाही बांधून ठेवते. कुठल्या क्रमाने पाहावी, काय सुटतं, कशाने रसभंग होतो, हे सविस्तर लिहा. जुने पाच (१९६८ ते १९७३) पाहिलेल्यांनी तुलनाही करावी. २०२४ पर्यंतच्या कथेचा उल्लेख येणारच, त्यामुळे न पाहिलेल्यांनी जपून वाचावं.

* * *

माझ्या मते क्रम असा: राइज (२०११), डॉन (२०१४), वॉर (२०१७), मग १९६८चा मूळ चित्रपट आणि शेवटी किंग्डम (२०२४). मूळ चित्रपट किंग्डमच्या आधी हवाच. किंग्डममध्ये घोड्यावरचे वानर माणसांची शिकार करतात, तो प्रसंग १९६८च्या शिकारीला थेट सलाम आहे. तो न पाहता गेलात तर ती नुसती पळापळ वाटेल. एक खबरदारी: १९६८च्या कित्येक डीव्हीडींच्या वेष्टनावर शेवटचं दृश्यच छापलेलं असतं. नवख्याला चित्रपट दाखवायचा तर वेष्टन आधी बाजूला ठेवा.

२००१चा चित्रपट या साखळीत बसत नाही. रिक बेकर यांची रंगभूषा पाहायची असेल तरच लावा.

* * *

क्रमाशी सहमत. भर घालतो ती कार्यकारणाची, कारण नव्या मालिकेचं खरं बळ तिथे आहे. जुन्या मालिकेत कालचक्र होतं: झिरा आणि कॉर्नेलियस हे चिंपांझी जोडपं भविष्यातून मागे येतं, त्यांचा मुलगा सीझर बंड करतो, म्हणजे वानरराज्याचं मूळ वानरराज्यातच. नव्यांनी ते काढून औषध आणलं. एएलझी-११२ हे विषाणूवाटे दिलं जाणारं अल्झायमरवरचं औषध चिंपांझींवर तपासलं जातं. त्याची पुढची, जास्त तीव्र आवृत्ती एएलझी-११३ वानरांना हुशार करते आणि माणसांना मारते. वॉरमध्ये तोच विषाणू बदलतो आणि वाचलेल्यांची वाचा जाऊ लागते. १९६८मध्ये माणसं मुकी का, याचं उत्तर एकाच धाग्यातून मिळतं. वानरांची भाषा चढत जाते आणि माणसांची उतरत जाते. चारही चित्रपट एवढ्या एका नजरेने पुन्हा पाहा, फार समृद्ध वाटतात.

राइजचा नायक असलेल्या चिंपांझीचं नावही सीझरच, आणि त्याचा पहिला शब्द 'नो' आहे. १९७१च्या चित्रपटात कॉर्नेलियस सांगतो की, बोलणाऱ्या पहिल्या वानराने हाच शब्द उच्चारला होता. चाळीस वर्षांनी ती दंतकथा पडद्यावर घडताना पाहणं हा चाहत्याचा हक्काचा आनंद!

* * *

राइजमधल्या आणखी खुणा: बातम्यांमध्ये मंगळाकडे निघालेलं 'इकॅरस' यान आणि नंतर ते हरवल्याचा वर्तमानपत्रातला मथळा. सीझरच्या आईचं टोपणनाव 'ब्राइट आइज', म्हणजे १९६८मध्ये झिरा अंतराळवीर टेलरला हाक मारते तेच. ओरांगउटान मॉरिसचं नाव १९६८मध्ये डॉ. झायस हा ओरांगउटान साकारणाऱ्या मॉरिस इव्हान्स यांच्यावरून आलंय.

सगळ्यात सुंदर खूण मात्र खिडकीची. सीझर वाढला त्या घराच्या पोटमाळ्याची गोल खिडकी, आत पत्त्यांतल्या चौकटीसारखा आकार. सीझर कोठडीच्या भिंतीवर ती खडूने काढतो. किंग्डममध्ये तीच आकृती राका या ओरांगउटानच्या गळ्यात आहे. घराची आठवण पिढ्यांनंतर धर्मचिन्ह झाली, आणि हे कुणी संवादात समजावून सांगत नाही.

* * *

घरी पाहणाऱ्यांसाठी तांत्रिक. डॉनच्या सुरुवातीला वानर खुणांनी बोलतात आणि त्याचं भाषांतर सबटायटलमध्ये येतं. तुमच्या प्रतीत फोर्स्ड सबटायटल (फक्त अशा संवादांपुरती आपोआप येणारी) नसतील किंवा बंद असतील तर काहीच कळणार नाही. आधी पाच मिनिटं लावून खात्री करा. वॉरमध्ये तर याची गरज आणखी जास्त.

टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. त्याने संगणकावर घडवलेली हालचाल व्हिडिओ गेमसारखी गुळगुळीत दिसते आणि वजन हरवतं. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड ठेवा, खोलीत अंधार करा. डॉनमधला पाऊस आणि वॉरमधला बर्फ उजेडात वाया जातो. भिजलेल्या केसांच्या बटा, त्यांत अडकलेले हिमकण हेच तर वेटा या दृश्यपरिणाम कंपनीच्या कारागिरांचं काम.

* * *

त्या कामाबद्दल थोडं. राइजमध्ये परफॉर्मन्स कॅप्चर (कलाकाराचा अभिनय टिपून संगणकावरच्या पात्राला देणं) स्टुडिओबाहेर, दिवसाच्या उजेडात नेलं. सूर्यप्रकाशात नेहमीच्या परावर्तक खुणा टिपता येत नाहीत, म्हणून पोशाखांवर अवरक्त एलईडी लावले. डोक्यावरच्या पट्ट्याला छोटा कॅमेरा, चेहऱ्यावर ठिपके. चार पायांवर चालण्यासाठी कलाकारांच्या हातांना जोड दिले होते, नाहीतर माणसाचे हात आखूड पडतात आणि पाठ चुकीची वाकते. चेहरा मात्र जसाच्या तसा उतरवता येत नाही. वानराचं तोंड पुढे आलेलं, त्यामुळे ओठांच्या हालचाली ॲनिमेटरना नव्याने बसवाव्या लागतात. पाहताना डोळ्यांकडे लक्ष ठेवा. सीझर साकारणारे अँडी सर्किस तिथेच सापडतात.

चारही चित्रपटांना दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर नामांकन मिळालं, पुरस्कार एकालाही नाही. हे मला अन्यायाचंच वाटतं.

* * *

किंग्डमबद्दल: खलनायक वानरराजा प्रॉक्सिमस बराच उशिरा येतो, म्हणून पूर्वार्ध संथ वाटतो. तरी राकाचे प्रसंग घाईने पाहू नका. सीझरची शिकवण त्याच्याकडे शुद्ध आहे. प्रॉक्सिमस तीच वाक्यं सत्तेसाठी वाकवतो. दोघांची वाक्यं शेजारी ठेवली की चित्रपट उलगडतो. आणि डॉन, किंग्डम दोन्हींची श्रेयनामावली शेवटपर्यंत चालू द्या, आवाज बंद करू नका. पडदा काळा असतानाच ऐकण्यासारखं काहीतरी येतं.