सड्यावर सायकल घालायची का? कास–चाळकेवाडीच्या मार्गांवर चर्चा

जांभ्या:
पाऊस ओसरला की 'साताऱ्याच्या पठारांवर माउंटन बाइक कुठून फिरवता येईल' हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एकदाच मांडून ठेवतो. कास, चाळकेवाडी, सडावाघापूर, कुठलाही सडा (माथ्यावरचं कातळाचं पठार) घ्या. सायकल तयार गाडीवाटेवरच चालवावी, तेही बाराही महिने. गवतात चाक घालू नये.

कारण सगळं मातीत आहे. खाली ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे बेसॉल्टचे थर, डोक्यावर जांभ्याची टोपी, आणि त्या टोपीवर माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात या मातीवर पाण्याचा पातळ पापुद्रा साचून राहतो. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही फुलझाडं त्यातच उगवतात. सव्वादोन इंची टायर एकदा गेला की चाकोरी पडते. मागचा त्याच चाकोरीतून जातो, कारण तिथे जोर कमी लागतो. मग पाणी पसरायचं सोडून चाकोरीने वाहतं, माती धुपते आणि वरच्या अंगाचं डबकं आटतं. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे ते या डबक्यांसकट.

फिरायला जागा आहे. साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगड फाटा, ठोसेघर, चाळकेवाडी; पुढे पवनचक्क्यांचे मुरमाचे रस्ते. दिवसभर पुरतील इतके फाटे आहेत.

उतारखोर:
साफ असहमत. पवनचक्कीचा रस्ता म्हणजे डंपर जाईल इतका रुंद आणि सपाट. त्यासाठी माउंटन बाइक कशाला, जाड टायरची कुठलीही सायकल ते काम करते. माउंटन बाइकिंग म्हणजे अरुंद वाट, दगडाची पायरी, आणि उतारावर चाक कुठून न्यायचं ती ओळ निवडणं.

आता नुकसानीचं. टायरमध्ये २२ पीएसआय (चौरस इंचाला २२ पौंड) हवा असली तर जमिनीवर दाब येतो चौरस सेंटिमीटरला साधारण दीड किलो. चालत्या म्हशीच्या खुराखाली तो याहून कमी नसतो, आणि म्हशी सड्यावर पिढ्यानपिढ्या चरतायत. पावसाळ्यात नको, मान्य. पण नोव्हेंबर ते मे सडा वाळून ठणठणीत असतो. कोरडा जांभा सँडपेपरसारखा टायर धरतो. उघड्या कातळावरून गेलात तर मागे ठसाही उरत नाही. मग बारा महिने बंदी कशाला?

जांभ्या:
दाबाचा हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. खुराचा ठसा तुटक असतो, त्यात उलट पाणी साठतं. चाकोरी अखंड असते, ती पाणी वाहून नेते. ब्रेक लावून मागचं चाक घसरवलं तर विचारूच नका.

आणि 'कोरडा सडा रिकामा' हेही खरं नाही. चाळकेवाडीच्या पठारावरूनच २०१६ मध्ये सरड्याची एक जात नव्याने नोंदवली गेली, सारडा सुपर्बा. (प्रजातीचं नावच मराठी 'सरडा'वरून!) उन्हाळ्यात, म्हणजे तुमच्या सोयीच्या दिवसांतच, याचे नर उघड्या दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवतात. तुम्हाला जो कातळ 'ठसा उरत नाही' म्हणून आवडतो, तोच त्यांचा मंच.

उतारखोर:
सरड्यांचा मुद्दा काढलात तर पूर्ण काढा. याच पठारावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी घटले, त्यामुळे सरडे वाढले, असं त्यात दिसलं. म्हणजे जिथे तुम्ही आम्हाला पाठवताय, तिथेच ते जास्त आहेत.

जांभ्या:
बरोबर. म्हणूनच रस्त्यावर राहा म्हणतोय. रस्ता झालेला आहे, तो काही आता उकरून काढता येत नाही.

पदरवाट:
तुम्ही दोघं माथ्यावरच भांडताय. सह्याद्रीत सायकलीची खरी वाट माथ्यावरही नाही आणि सोंडेवरही (डोंगराच्या उतरत्या धारेवर) नाही, ती पदरात आहे.

आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का, तर लाव्ह्याचे काही थर टणक, त्यांचे उभे कडे झाले. काही भुसभुशीत, ते झिजून मधे आडवी पट्टी उरली. हा पदर. 'डेक्कन ट्रॅप'मधला 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. वाड्या पदरात, झरे पदरात, त्यामुळे एका वाडीहून दुसरीला जाणारी बैलांची वाट पदरातूनच. अशी वाट उंची फारशी न बदलता पाच-सात किलोमीटर आरामात जाते. सोंडेवरून थेट उतरलात तर दर थरापाशी कातळाची पायरी येते. तिथे शंभरातले नव्वद जण सायकल खांद्यावर घेतात आणि वर 'भारी ट्रेल' म्हणून लिहितात.

पदरात चुकतं ते असं. दोन थरांच्या सांध्यावर विटेसारखी तांबडी माती लागते. ओली असेल तर साबण. तिथे वळू नका, ब्रेक दाबू नका, सायकल सरळ ठेवून सोडून द्या. ओढ्याच्या अलीकडे पाचोळा साठतो आणि त्याखाली सुटे गोटे असतात. बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, आतला गाभा गोल राहतो, आणि त्यावर पुढचं चाक गेलं की हँडल हातात राहत नाही. ओढा दिसला की उतरा. पाऊलभर पाणी असलं तरी शेवाळलेल्या कातळावर टायर टिकत नाही.

कोयनेच्या बाजूचे पदर मात्र सोडा. ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. बाकी ठिकाणीही गवे असतात, उन्हं उतरायच्या आत बाहेर पडा.

पाना नंबर १०:
वाद चालू द्या, पण वर कुणीतरी २२ पीएसआय लिहिलंय, ते वाचून नवखे रिम ठोकून घेतील. ७० किलोचा स्वार, २.३५ इंची टायर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला): पुढे २२, मागे २५. आत ट्यूब असेल तर ३०च्या खाली नको. दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चेपून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव) २९ इंची टायरला १०० ते १२० मिली. इथल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी धरून हलवा, आत पाणी हिंदकळल्याचा आवाज नाही आला तर ओता.

काळ्या कठीण बेसॉल्टचा ताजा फुटलेला तुकडा टायरची बाजूची भिंत फाडतो, आणि ते सीलंटला पेलत नाही. मग ट्यूब घालायची, आणि इथेच लोक फसतात. ट्यूबलेस टायरमध्ये चार महिन्यांचे बाभळीचे आणि बोरीचे काटे रुतलेले असतात. सीलंटने भोकं बुजवलेली, त्यामुळे कळत नाही. नवी ट्यूब घालून हवा भरली की दहा मिनिटांत पुन्हा बसते. आधी टायरच्या आतून चिंधी फिरवा. बोट नको, रक्त निघेल. चिंधी अडकेल तिथे काटा, तो पक्कडीने बाहेरून ओढा. फाटलेल्या जागी टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा आतून लावा, मगच ट्यूब.

जांभ्याचा लाल चिखल ब्रेकपॅडमध्ये कुरुंदाच्या दगडाचं काम करतो. पावसात रेझिनचे पॅड यवतेश्वरच्या घाटात डोळ्यांदेखत झिजतात. मेटलचे घाला, आवाज करतील, करू देत. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला अडकवणारी पट्टी, आपल्याच मॉडेलचा एक जादा ठेवा, दुसऱ्याचा बसत नाही.

वाडीवस्ती:
इतकं लिहिलंत, पण वाट कुणाची हे कुणीच विचारलं नाही. पदरातली वाट कुणाच्या तरी मालकीच्या रानातून जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवतकापणी असते, तेव्हा तुमची सायकल उभ्या गवतात म्हणजे जनावरांच्या वर्षभराच्या वैरणीत. कवाड उघडलंत तर मागे लावा. गुरं समोर आली तर उतरा, सायकल डोंगराच्या अंगाला धरून उभे राहा, दरीच्या अंगाला नाही. घंटी वाजवू नका, बिथरतात.

आणि मार्गाची जीपीएस फाइल नेटवर टाकू नका. एक जण विचारून येतो, पुढचे पन्नास फाइल बघून येतात.

उतारखोर:
फाइल न टाकण्याला विरोध. फाइल नसली की लोक चुकतात आणि चुकले की सड्यावरच भटकतात. बाकी पदराचा मुद्दा पटला. जांभ्या, मधला मार्ग सांगतो: उघड्या कातळावरून फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही गुरांच्या मळलेल्या वाटेनेच. कातळावर वाट हरवते तिथे दगडावर दगड रचून खुणा करू. चालेल?

जांभ्या:
महिने चालतील, दगड नको. सड्यावरचा सुटा दगड म्हणजे कुणाचं तरी छप्पर. त्याखाली विंचू, सरडे, फुरसंही असतं. उचलणाऱ्यालाही धोका.

उतारखोर:
मग चुन्याची फक्की?

जांभ्या:
चुनाही नको. दवबिंदूला आम्लधर्मी माती लागते, चुना नेमका उलटा. वाट कातळावर चढते आणि उतरते त्या दोन टोकांच्या झुडपांना कापडाची चिंधी बांधा, रंगीत. शेवटचा येईल त्याने सोडून आणायची.