एकच कंपनी, एकच डबा: शनिवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर

शनिवार, २० सप्टेंबर २०२५

ए-३०३, रात्री ८:४७
आत्ता परत तेच झालं. मुलीचा इंटरव्ह्यू चालू असताना आवाज तुटायला लागला. समोरच्यांनी तीनदा विचारलं, "आवाज येतोय का?" स्पीड टेस्ट केली तर ९४ दाखवतंय. त्या ९४ चं काय लोणचं घालू? इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, मॅडम, राउटरचा डबा बंद करून परत चालू करा. आणि याच कंपनीशी आपण ३ वर्षांचा करार करतोय असं कानावर आलं. सेक्रेटरीसाहेब, खरं आहे का?

सेक्रेटरी (ए-५०१), ८:५५
नमस्कार. करार झालेला नाही, प्रस्ताव आहे. २८ तारखेच्या एजीएमला विषय क्र. ७. कंपनी ऑफिस आणि लॉबीला फुकट कनेक्शन देणार, डक्टमधली वायरिंग स्वखर्चाने करून देणार. त्या बदल्यात ३ वर्षं दुसऱ्या कंपनीला बिल्डिंगमध्ये घ्यायचं नाही. कमिटीने सोसायटीचं हित बघूनच विचार केला आहे. 🙏

सी-१०१, ८:५६
गच्चीवरच्या वायरींचं काय? टाकीच्या पाइपला बांधून ठेवल्या आहेत. मी मार्चपासून सांगतो आहे.

ए-१०४, ८:५७
लॉबीत फुकट वायफाय म्हणजे गेटवर रात्रभर सिरियल 😄

बी-७०२, ८:५९
वहिनी, तुमच्या ९४ मध्ये खोट नाही. इंटरव्ह्यूच्या वेळी घरात कुणाचा फोन फोटो किंवा व्हिडिओ वर चढवत होता का?

ए-३०३, ९:०१
यांचा. विसर्जनाचे व्हिडिओ ड्राइव्हवर टाकत होते. पण तुम्हाला कसं कळलं?

बी-७०२, ९:०८
कारण हे घरोघरी होतं. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर तुमच्या पुढे एक माणूस अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढतोय आणि तुम्हाला हवंय एकच प्लॅटफॉर्म तिकीट, असं समजा. इंटरनेटवर सगळं तुकड्यातुकड्यांनी, पाकिटांतून जातं. आवाजाची पाकिटं इवलीशी असतात, पण व्हिडिओच्या पाकिटांमागे उभी राहतात. मेमरी स्वस्त झाली तशा कंपन्यांनी राउटरमधल्या रांगा लांबवत नेल्या, पाकीट वाया जायला नको म्हणून. त्यामुळे पाकीट पोहोचतं, पण उशिरा. स्पीड टेस्टचा मोठा आकडा खिडकीतून सेकंदाला किती तिकिटं निघाली ते सांगतो. तुम्ही रांगेत किती वेळ ताटकळलात ते त्यात येत नाही. याला बफरब्लोट म्हणतात.

यावर उपाय आहे आणि तो २०१२ पासून आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत काढली. रांगेतला उशीर ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला की काही पाकिटं मुद्दाम टाकून द्यायची, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की सावकाश घ्यायला हवं. त्याच वर्षी ती लिनक्समध्ये (राउटरपासून सर्व्हरपर्यंत चालणारी खुल्या कोडची सिस्टीम) आली, आणि तिच्या जोडीने एफक्यू-कोडेलही, ज्यात प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग मिळते. डेव्ह टॅट नावाच्या माणसाने यासाठी दहापेक्षा जास्त वर्षं घातली, गावोगावच्या छोट्या इंटरनेटवाल्यांना समजावत फिरला. तो या एप्रिलमध्ये गेला. त्याचं काम कुणीही फुकट वापरू शकतं, आपणही. फक्त ते आपल्या भिंतीवरच्या डब्यात चालू करायची सोय कंपनीने ठेवलेली नाही.

सी-१०१, ९:०९
गच्चीवरच्या वायरींचं काय?

बी-२०४, ९:१४
मी सांगते. माझा मुलगा कॅनडात असतो. रोज संध्याकाळी बोलताना त्याचं तोंड हलायचं आणि आवाज मागून यायचा. गेल्या वर्षी दिवाळीत ७०२ ने माझाच जुना राउटर घेतला, त्यात काहीतरी भरलं आणि परत लावून दिला. नवीन काही विकत आणलं नाही. तेव्हापासून नातीचं गाणं सलग ऐकते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकू येतं.

बी-७०२, ९:१६
मॅडम, त्याचं नाव ओपन-डब्ल्यूआरटी, राउटरवर चालणारं खुल्या कोडचं फुकट सॉफ्टवेअर. फक्त तुमच्या लाइनच्या वेगाच्या ९० टक्क्यांवर मर्यादा बांधली, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि आपण ती नीट लावू शकतो. बाकी काही केलं नाही.

सी-६०२, ९:२१
सॉरी, पण मी २२ वर्षं आयटीत आहे आणि हे मला धोक्याचं वाटतं. वॉरंटी जाते. उद्या ७०२ महिनाभर गावाला गेले आणि मॅडमचा राउटर बंद पडला तर कुणाला फोन करायचा? कंपनीचा डबा बंद पडला तर कंपनी बदलून देते. आणि ज्याचा कोड जगजाहीर आहे ते सुरक्षित कसं? चोरालाही तो वाचता येतो.

ए-१०४, ९:२२
६०२ आणि ७०२, दोघं लिफ्टमध्ये भेटून मिटवा. लिफ्ट चालू असेल तर 😄

खजिनदार (सी-२०२), ९:२४
लिफ्टच्या एएमसीचे पैसे ११ फ्लॅटनी अजून भरलेले नाहीत. विषय निघालाच आहे म्हणून.

ए-१०४, ९:२५
गणपतीच्या स्पीकरचा हिशोब पण निघू दे मग.

खजिनदार (सी-२०२), ९:२५
हिशोब नोटीस बोर्डावर लावलाय. वाचायचे कष्ट घ्यावेत.

सेक्रेटरी (ए-५०१), ९:२७
कृपया विषयाला धरून बोला. 🙏

बी-७०२, ९:४१
६०२, वॉरंटीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी गावाला गेलो तर काय, हेही बरोबर. मॅडमच्या राउटरची सेटिंग कागदावर लिहून त्यांच्या फ्रिजवर लावली आहे. कंपनीचा डबा तसाच जोडलेला आहे, माझं काही बंद पडलं तर एक वायर काढून इकडची तिकडे लावायची की पूर्ववत. ज्याला हे नको त्याने कंपनीचा डबा खुशाल वापरावा. मी कुणावर लादत नाही.

चोराला कोड वाचता येतो, हेही खरं. पण बाकीच्यांनाही येतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी घातलेला चोरदरवाजा सापडला. त्या माणसाने दोन वर्षांहून जास्त काळ निमूट काम करून विश्वास कमावला होता. जगभरचे सर्व्हर उघडे पडले असते. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं. तो शोधत गेला, कोड समोर होता, आणि चोरी उघडी पडली. ओपन सोर्समध्ये चोर शिरतच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण अर्धा सेकंद खटकल्यावर त्याला झाकण उघडून आत बघता आलं. आपल्या भिंतीवरच्या डब्यात मला काही खटकलं तर मी कुठे बघू?

आणि त्या डब्यात तरी काय असतं? बहुतेक राउटरमध्ये लिनक्सच असतं. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४-जी राउटरमध्ये लिनक्स भरलंय. त्याच्या परवान्याची अट अशी की वापरा, विका, पण कोड देणं लागतं. लोकांनी पाठपुरावा केला, कंपनीला कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ ला ओपन-डब्ल्यूआरटी उभं राहिलं. नावातलं डब्ल्यूआरटी तिथूनच आलंय.

ए-३०३, ९:४४
हे सगळं ठीक आहे दादा, पण माझ्या मुलीचा इंटरव्ह्यू गेला त्याचं काय? आणि कराराचं काय?

सी-१०१, ९:४५
आणि गच्चीवरच्या वायरींचं?

सी-६०२, ९:४८
एक्सझेडचा मुद्दा मान्य. तरी सामान्य माणसाला ही कटकट झेपणार नाही. १०० घरांत २ जण हे करतील. त्या दोघांसाठी फुकट कनेक्शन आणि वायरिंग घालवायचं का?

बी-७०२, ९:५०
सेक्रेटरीसाहेब, कराराचा मसुदा ग्रुपवर टाकाल का? एजीएमच्या आधी सगळ्यांना वाचायला मिळावा.

सेक्रेटरी (ए-५०१), १०:०२
मसुदा गोपनीय नाही. पण ग्रुपवर टाकला की पानोपानी वाद होतात, मागच्या रंगकामाच्या वेळचा अनुभव आहे. तरी टाकतो. ५ पानं आहेत.

बी-७०२, १०:१९
धन्यवाद. वाचला. पान ४, कलम ९ सगळ्यांनी बघा. "उपकरण कंपनीचेच वापरावे लागेल. त्याचा मुख्य पासवर्ड कंपनीकडे राहील. ब्रिज मोड दिला जाणार नाही."

६०२, प्रश्न दोघांचा नाही. फायबरचा डबा कंपनीचा असायला माझी हरकत नाही. त्याचा नंबर त्यांच्या यंत्रात नोंदवलेला असतो, त्याशिवाय लाइन चालू होत नाही. पण त्याला ब्रिज मोडमध्ये ठेवलं की तो नुसता प्रकाशाचं वायरीत रूपांतर करतो, आणि घरातलं बाकी सगळं आपल्या राउटरवर चालतं. हा नेहमीचा, एका मिनिटाचा बदल आहे. तो देणार नाही असं लिहून घेतलं की घरातला टीव्ही, कॅमेरा, मुलांचे फोन, सगळं ज्या एका डब्यातून जातं त्याचा पासवर्ड घरमालकाकडे नाही आणि त्याला तो मागताही येणार नाही. तेही तिन्ही विंगांतल्या प्रत्येक घरात सारखाच डबा, बाहेरून चालवला जाणारा.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या साधारण ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट एका झटक्यात पडलं. राउटर दूरवरून सांभाळायचा जो दरवाजा असतो, त्यावर कुणीतरी धडका मारत होतं. एकसारखे डबे एकसारखेच पडले. दरवाजा असूच नये असं मी म्हणत नाही, कंपनीला दुरुस्तीला तो लागतो. पण माझ्या घराचा दरवाजा बंद करायची कडी माझ्या बाजूला हवी.

बी-२०४, १०:२३
हे मात्र मला कळलं. भाडेकरूसुद्धा आतून कडी लावतो.

ए-१०४, १०:२४
जूनमध्ये महापालिकेने रस्ता खणला तेव्हा चार दिवस बी विंगचं गेलं होतं ना? तेव्हा ज्यांच्याकडे दुसरी कंपनी होती त्यांच्याकडेच सगळे लॅपटॉप घेऊन बसले होते. आमच्या हॉलमध्ये सहा जण. हे जोक नाही करत, खरंच आठवलं.

ए-३०३, १०:२५
हो! मीच होते त्यातली एक.

बी-७०२, १०:२९
हेच. दोन कंपन्या, शक्यतो दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी २०१७ मध्येच बिल्डिंगमध्ये एकाच कंपनीला बांधून घेणारे करार नकोत अशी शिफारस सरकारला केली होती. शिफारस म्हणजे कायदा नाही, पण कारण तेच आहे.

खजिनदार (सी-२०२), १०:३३
आणि फुकट कनेक्शनचे पैसे ७०२ भरणार का? ऑफिसचं बिल महिन्याला साडेसातशेच्या आसपास येतं. ऑफिसचा कॉम्प्युटरही बदलायचा आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय. तोही खर्च आहे.

बी-७०२, १०:३८
खजिनदारसाहेब, महिना ७५० म्हणजे १०० घरांत घरटी साडेसात रुपये. तेवढ्यासाठी ३ वर्षं बांधून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. ऑफिसचा कॉम्प्युटर टाकू नका. त्यावर तुमचं टॅली असेल तर तो तुमच्याच पद्धतीने अपग्रेड करा, टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. पण नोटिसा छापायचा जो दुसरा आहे त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि कागदपत्रांसाठी लिबरऑफिस टाकून देतो. मराठी टायपिंग आहे. चार दिवस वापरून बघा, नाही पटलं तर काढू.

सी-६०२, १०:४४
कलम ९ मी वाचलं नव्हतं. ते काढायला हवं, यात दुमत नाही. ब्रिज मोड मागितल्यावर द्यावा असं लिहून घ्या. राउटर स्वतःचा लावायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. मी कंपनीचाच वापरणार.

बी-७०२, १०:४५
एवढंच म्हणणं आहे माझं.

सेक्रेटरी (ए-५०१), १०:५६
विषय ७ मध्ये दुरुस्ती मांडतो. (अ) किमान दोन कंपन्यांना परवानगी. (ब) कलम ९ वगळून ग्राहकाने मागितल्यास ब्रिज मोड द्यावा. कंपनीने ऐकलं नाही तर वायरिंगचा खर्च आपल्याला करावा लागेल, त्याची तयारी सभासदांनी ठेवावी. नंतर कमिटीला दोष देऊ नये. 🙏

बी-७०२, १०:५८
साहेब, खरंच आभार. डक्टमधून एकदाच पाइप टाकून घ्या, सोसायटीच्या मालकीचा. मग कुणीही येवो, वायर त्यातूनच नेईल. गच्चीवरून, टाकीवरून न्यायची गरजच उरत नाही.

सी-१०१, १०:५९
हेच मी मार्चपासून सांगतो आहे.

बी-७०२, ११:०१
काका, तुमचं बरोबर होतं. उद्या सकाळी १० ला गच्चीवर जाऊ या. कुठली वायर कुणाची, कुठली मेलेली, चिठ्ठ्या लावू. वहिनी, त्यानंतर तुमच्याकडे येतो. कंपनीकडून ब्रिज मोड मिळेपर्यंत माझ्याकडचा जास्तीचा राउटर त्यांच्या डब्यामागे लावू. मुलीचा पुढचा इंटरव्ह्यू कधी आहे?

ए-३०३, ११:०३
मंगळवारी चार वाजता. या नक्की. यांना सांगितलंय, तोवर एकही व्हिडिओ चढवायचा नाही.

सी-१०१, ११:०६
गच्चीची चावी वॉचमनकडे नाही. आत्ता खाली जाऊन विचारून आलो. कुणाकडे आहे?